शनिवारचा उपास

"तुमचं यकृत घेता येणार नाही, उज्ज्वलाताई," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात चरबी साठलीय, शुगरही वाढलीय. तुमच्या मिस्टरांचंही असंच सुरू झालं होतं."

नवऱ्याशी रक्तगट जुळला तेव्हा तिनं वॉर्डभर पेढे वाटले होते. "पण मी तर वर्षभर त्यांच्यासाठी आठवड्यातून चार दिवस उपास करतेय," ती म्हणाली.

"उपासाला काय खाता?"

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, चार-पाच वेळा गोड चहा. सांगता सांगता तिचा आवाज बसत गेला.

"वजन उतरवते मी. मग चालेल?"

"चार महिने तरी लागतील," एवढंच डॉक्टर म्हणाल्या. नवऱ्याच्या हातात जेमतेम महिना आहे, हे त्यांनीच काल सांगितलं होतं.

ती वॉर्डात परतली. कॉटजवळच्या पिशवीत सकाळी केलेल्या खिचडीचा डबा होता. ती पिशवी तिनं पायानंच कॉटखाली सरकवली.

त्या आवाजानं नवऱ्यानं पिवळेजर्द डोळे उघडले आणि तिच्याकडे बघत राहिला.

"आज शनिवार ना?" त्यानं विचारलं. "माझ्यापायी अशी किती दिवस उपाशी राहणार आहेस तू?"