उणे तीस टक्के

“उणे तीस,” दीपमाला म्हणाली आणि तिनं पेन वहीवर ठेवलं.

मोहनराव हसले नाहीत. पोरगी हरली म्हणून हसणारे बाप ते नव्हेत. पण शब्दाचे पक्के, आणि सगळी पंचाईत तिथंच होती. गेल्या आठवड्यात चहा पितानाच ठरलं होतं. पोरीनं हिसाब मांडायचा. नर्सिंग शिकून कमाई वाढते असं निघालं, तर तिनं बीडला कोर्सला जायचं. नाही निघालं, तर पालीच्या पाहुण्यांना होकार कळवायचा, कारखाना सुरू व्हायच्या आत लग्न उरकायचं, आणि नव्या नवऱ्यासोबत तिनंही ऊसतोडीला निघायचं. हिसाबाची अट दीपमालानंच घातली होती. गणितात शंभरापैकी ब्याण्णव मार्क पडलेल्या पोरीला टक्केवारी म्हणजे हातचा मळ.

आकडे तिनं ओळखीच्या माणसांकडूनच गोळा केले होते, कुणी खोटं म्हणायला नको. दहावी झालेला मावसभाऊ गेवराईत कपड्याच्या दुकानात, आठ हजार. बारावी झालेली शेजारची विजयमाला एका पतसंस्थेत, दहा हजार. नर्सिंग झालेली, गणिताच्या वनमाला मॅडमची भाची, पहिलीच नोकरी, चौदा हजार. आणि ‘न शिकलेले’ या रकान्यात घरचाच आकडा. आबांचा कोयता. हंगामाची तोडणी आणि उरलेल्या महिन्यांची मजुरी धरून वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. बारानं भागले की महिन्याला वीस हजार.

मग मॅडमनी शिकवलं तसं. नव्यातून जुनं वजा करायचं, जे येईल त्याला जुन्यानं भागायचं, शंभरानं गुणायचं. दहावी, उणे साठ. बारावी, उणे पन्नास. नर्सिंग, उणे तीस. शाळेनं कुणाचंच भलं केलेलं दिसत नव्हतं.

“चुकलं तर न्हाई ना?” मोहनरावांनी विचारलं.

“तीनदा केलं, आबा.”

“मंग मी काय करू, दीपे? तुजाच आकडा हाय.”

त्यांनाही वाटत होतं, निघावं काहीतरी. दीपमालानं उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. गणित चुकलं असतं तर तिला एवढं रडू आलं नसतं.

दारात तिची आई बसली होती. सकाळपासून ती दगडावर कोयते घासत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे या हिसाबात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आता तिचा हात थांबला.

“दीपे, कोयते किती धरले गं?”

“एक.”

“एक? मंग मी हे दोन कावून घासायले?”

फरशीवर दोन कोयते पडले होते. एक आबांचा. दुसऱ्याच्या मुठीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली. चिंधीचा रंग दीपमालाच्या ओळखीचा होता.

ऊसतोडीच्या गावांत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक. एकटा गडी असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. दीपमालानं हे चालायला लागायच्या आधीपासून ऐकलेलं. म्हणून तर तिला काही खटकलंच नाही. काल आकडे मॅडमना दाखवले, त्यांनाही नाही. मॅडमही याच तालुक्यातल्या.

तिनं वीस खोडले. दहा लिहिले. पेन भराभर चालू लागलं. दहावी, उणे वीस. बारावी, शून्य. नर्सिंग... तिनं पुन्हा करून पाहिलं.

“अधिक चाळीस!” ती जवळजवळ ओरडलीच.

मोहनरावांनी वही ओढून घेतली. आकडे त्यांना कळत होते. त्यांनी त्या खोडलेल्या विसावर बोट ठेवलं.

“म्हंजी मी वीस कमवत न्हाई.”

“धा तुमी, आबा. धा माय.”

त्यांना ते लागलं. बावीस हंगाम ते चारचौघांत छाती काढून आपली कमाई सांगत आले होते, आणि त्यातली अर्धी दारात बसून कोयता घासत होती.

“आन् माजं किती टक्के वाढलं गं?” आईनं विचारलं. तिच्या डोळ्यांत हसू होतं.

दीपमालानं पेन उचललं. “आधी तुजं किती धरलं हुतं...” ती बोलता बोलता थांबली. “शून्य. शून्यानं भागता येत न्हाई, माय.”

“मंग ऱ्हाऊ दे,” म्हणत आईनं दुसरा कोयता घेतला आणि दगडावर धरला.

तेवढ्यात मोहनरावांचा फोन वाजला. बद्रीनाथ मुकादम. त्याचं बोलणं नेहमीसारखंच अख्ख्या घराला ऐकू येत होतं.

“मोहनराव, टोळीची यादी करायलोय. पोरीचं जमलं म्हनं. औंदा तुमच्या घरचे दोन कोयते धरू ना?”

“एकच धरा. पोरगी बीडला चालली, शिकायला.”

“बरं. मंग तुमचं नाव टाकतो, दरसालसारखं.”

“थांबा.” मोहनरावांनी वहीवरून नजर काढली. “मान्सं दोन हायत. दोन नावं लिवा. पयलं तिचं.”

“वहिनीचं?” मुकादम हसला, मग जरा अडखळला. बावीस वर्षं तोच यांची यादी करत होता. “नाव काय वो त्यांचं?”

दगडावरचा घासण्याचा आवाज थांबला.

“बायनाबाई,” मोहनराव म्हणाले.