घोड्याचा घास

वांकिडीची सुवर्णा लेकीलासुद्धा गोष्ट फुकट सांगायची नाही. एका वाक्याला एक घास, असा तिचा रोकडा व्यवहार. पण तापातून उठलेल्या चार वर्षांच्या जान्हवीनं कालपासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं, म्हणून आज दुपारी सुवर्णानं ठेवणीतली पांढऱ्या घोड्याची गोष्ट बाहेर काढली.

"घोडा आला टगडक टगडक. हा घास काऊचा, हा चिऊचा." दोन्ही घास जान्हवीनं मुकाट्यानं गिळले. "आन् हा घोड्याचा."

जान्हवीनं ओठ मिटले. "तो गुर्रमचा हाय. त्यालेच दे." अंगणवाडीतल्या तेलुगूत तिचा घोडा गुर्रम झाला होता.

"मोठी आली न्याय करणारी! घे रे बाबा गुर्रम," म्हणत सुवर्णानं भाताचा घास तळहातावर घेऊन खांद्यावरून मागे धरला. मागे नुसती भिंत होती.

घास उचलला गेला. तळव्यावर ऊन श्वास आला आणि ओल राहिली.

सुवर्णाचा हात तिथंच थिजला. समोर जान्हवी मात्र खुदकन हसली आणि तिनं आ केला.

सुवर्णानं मागे पाहिलं नाही. लेकीला एक घास, मागे एक. लेक जेवतेय, तेवढंच पाहायचं तिनं ठरवलं. बघता बघता वाटी रिकामी झाली.

"संपला रे भात," ती म्हणाली. "घोडा गेला आपल्या घरी."

"नाई गेला, आई," जान्हवी तिच्या खांद्यामागे पाहत म्हणाली. "तो माह्याकडे पाहून राह्यला."