उंबऱ्याच्या आत

सेव्हिलच्या दप्तरखान्यात पालोमाने तो कागद तिसऱ्यांदा वाचला. साडेचारशे वर्षांपूर्वी मेक्सिकोला निघालेल्या लिओनोरचा, तिच्या घराण्याच्या मूळ बाईचा, परवाना अखेर सापडला होता. ज्यू वंशाच्या माणसांना तेव्हा तिकडे जायला बंदी होती, म्हणून लिओनोरच्या चार पिढ्यांत ज्यू रक्ताचा थेंब नाही, असं सहा साक्षीदारांनी त्यात शपथेवर सांगितलं होतं. वडिलांना एवढंच हवं होतं. पालोमाने ज्यू नवरा केला म्हणून अकरा वर्षं ते तिच्या घराची पायरी चढले नव्हते. या कागदासाठी मात्र त्यांनी स्वतःहून फोन केला होता.

परवान्याला मागून शेजारणीची तक्रार टाचलेली होती. लिओनोर केर दाराबाहेर लोटत नाही, दारापासून आत ओढत नेऊन मधोमध गोळा करते. ही ज्यूंची रीत आहे. तक्रार पोहोचली तेव्हा जहाज सुटून नऊ दिवस झाले होते.

दोन्ही कागदांच्या नकला घेऊन पालोमा जिन्यात आली. दोन पायऱ्या उतरली, परत चढली आणि मग तिने फोन लावला. मेक्सिकोत सकाळ होती; पलीकडून झाडूचा आवाज येत होता.

"सापडला का कागद?" वडिलांनी विचारलं.

"सापडला. बाबा, केर कुठे लोटताय?"

"कुठे म्हणजे? आत. आपल्यात दाराबाहेर लोटत नाहीत. लहानपणी त्यासाठी किती फटके खाल्लेस, विसरलीस?"

"नाही विसरले," ती म्हणाली आणि त्यांना कागद वाचून दाखवू लागली. परवाना नव्हे, तक्रार.