सासऱ्यांबरोबर फेरफटका

लग्नाचं विचारायला आलेल्या शिंप्याला त्याच्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी बसायलाही न सांगता फिरायला नेलं. दोघंही निसर्गवेडे. नाल्याकाठची साधी पायवाट, पण पावलोपावली कुणीतरी उकिडवं बसायचं, पान उलटायचं आणि चीत्कारायचं. त्याच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. शेवटी धीर करून तो म्हणाला, “काका, मला तुमच्या मुलीशी...” “हलू नकोस!” काका ओरडले. त्याच्या खांद्यावर भलामोठा कोळी बसला होता. झुरळालाही घाबरणारा तो जागीच थिजला. काकांनी भिंग काढलं. “अगं, मादी आहे! पाठीवर पिल्लंच पिल्लं!” त्यातलं एक त्याच्या कॉलरमध्ये शिरलं आणि तो धाडकन आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा काकू तोंडावर पाणी मारत होत्या. लग्न मोडलंच, असं त्याला वाटलं. काका मात्र गहिवरले होते. “जावई पसंत आहे,” ते बायकोला म्हणाले. “पडला, तोसुद्धा कोळ्याला धक्का न लावता!”