पाचवा भोंगा

कुणाला खरं वाटायचं नाही, पण माझी मेंढरं सरकारी अलर्ट ओळखतात. चाचणी म्हणून चारदा फोन बोंबलला, तेवढ्यावर शिकली. पाचव्यांदा विजांचा खरा अलर्ट आला, तशी माझ्या बायकोच्या, राजाबाईच्या, फोनचा भोंगा ऐकून साठच्या साठ मेंढरं मंगळवेढ्याच्या माळावरून घरी पळाली. राजाबाई मात्र "ही बी चाचणीच" म्हणत लिंबाखाली बसून राहिली. वीज लिंबावरच पडली. मेंढरांना कळलं, ते तिला कळलं नाही!

राजाबाईच्या दहाव्याला जमलेल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या.



दारातून नात म्हणाली, "खोटं नका बोलू, आजा. आज्जीनं तुमाला फोन लावून इचारलं हुतं, 'घरी येऊ का?' 'चाचणीच हाय, बस तितंच,' असं तुमीच म्हणला की."