आठ अक्षरांची जागा

"हाच का तो?" आईनं टीव्हीवरच्या बोटभर माणसाकडे हात केला. "बर्फात उभा आहे मेला, आणि अंगात स्वेटरसुद्धा नाही!"

"वहिनी, हा गेममधला हिरो," आत्या म्हणाली. "पण काल हा डोंगराच्या अलीकडे होता, आज पलीकडे आहे. मी हलवला नाही. म्हणजे हलवणारा कुठंतरी धडधाकट बसलाय."

आईनं भिंतीला पाठ टेकली. आठवडाभर पोराचा फोन बंद होता. तिनं त्याचे मित्र पालथे घातले, दवाखाने पालथे घातले, पोलीस चौकीतल्या बाकाला तर तिच्या बसण्याचा खड्डा पडला असेल. आणि पोरगा सापडला तो असा, बर्फात. आत्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि घरी भाच्याबरोबर गेम खेळून स्वतःचे घालवायची. दोघांचं खातं एकच, म्हणून तिला हे कळलं तरी.

"याच्या डोक्यावर काय लिहिलंय?"

आत्या घुटमळली. "टोणगा."

स्वयंपाकघरात कांदा चिरण्याचा आवाज थांबला.

"या गेममध्ये सगळ्यांची नावं आपणच ठेवायची असतात, वहिनी. पाच भाग आले, पाचही भागांत यानं हिरोचं नाव हेच ठेवलं. मी म्हटलं, अरे, वाघ ठेव, वादळ ठेव. तर म्हणतो, आत्या, सवयीचं नाव बरं, हाक मारली की लगेच वळतो."

आई हसली नाही. टोणग्या, ऊठ. टोणग्या, पुन्हा नापास? बाबांची ती हाक इतकी जुनी होती की समोरच्या घरातला कुत्रासुद्धा ती ऐकून उठून बसायचा, आणि त्याच घरातला पोपट ती दिवसातून चारदा म्हणायचा.

"आणि ही 'आई' कोण? हे चार पायांचं?"

"खेचर आहे."

"मी खेचर?"

"ऐकून तर घे. सगळ्यांचं सामान तीच वाहते. बाकीचे मेले तर उठवता येतात, खेचर मेलं की गेमच संपला. म्हणून बघ, सगळ्यात भारी चिलखत तिला घातलंय. हा स्वतः फाटक्या सदऱ्यावर हिंडतोय."

आईला एकदम खिडकीचा पडदा नीट करावासा वाटला. तो नीटच होता. "मला बोलायचंय त्याच्याशी," ती पडद्याला म्हणाली.

"बोलता येत नाही यात. पण गावात हा एक म्हातारा बसतो, तो कुणाही एकाचं नाव बदलून देतो. आपण बदललं, की पोरगा गेम उघडेल तेव्हा त्याला दिसेल. आठ अक्षरं मावतात."

"आठ? वन्सं, आठ अक्षरांत माझा उसासा मावत नाही!"

"आणि जपून. त्याला खटकलं तर पासवर्ड बदलेल. मग हा बर्फातला पण दिसायचा नाही."

आईच्या पदराला पीळ पडत गेला.

"'घरी ये' लिहू?" आत्या म्हणाली.

"तसं सांगून तो कधी जेवायलासुद्धा आला नाही."

"'आई आजारी'?"

"खोटं आहे म्हणून कळलं, की पुन्हा माझ्या खऱ्या तापावरही विश्वास ठेवायचा नाही. त्याचंच नाव बदला ना. 'बाळ' करा."

"ते नको. त्या नावानं त्यानं एवढाले राक्षस लोळवलेत, एकेकाच्या जांभईत दोन गावं जातील. त्याचं आहे ते. तेवढं तरी हिसकावून नको घ्यायला."

दारात बाबा येऊन उभे होते. डोळे लाल. कांदा हाताशी होता, तेवढीच सोय.

"माझं नाव आहे का गं त्यात?"

आत्यानं आधी वहिनीकडे पाहिलं. "आहे. तो ढालवाला. 'साहेब'. पण त्याला छावणीत बसवून ठेवलाय. बरोबर नेत नाही."

"मारला नाही ना?"

"नाही, दादा."

बाबांनी मान हलवली, जणू पोरानं परीक्षा पास केल्याचं कळलं होतं. "माझं बदल."

"काय करू?"

बाबांनी दाराची कडी उघडली, लावली, परत उघडली.

"टोणगा."

"दादा, टोणगा आहे की एक."

"दोन होऊ देत."

आत्यानं एकेक अक्षर घातलं. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं: या नावाचा एक जण आधीच तुमच्यात आहे. तरीही?

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःची चूक चहात साखर जास्त पडल्याचीसुद्धा कबूल केली नव्हती. मग तिनं नणंदेच्या हातातून रिमोट घेतला. अंगठ्यानं 'हो'चं बटण दाबलं.

"झालं," आत्या म्हणाली. "आता तो उघडेल तेव्हा."

बाहेर कुणीतरी जिना चढलं. तिघांनी दाराकडे पाहिलं. पावलं वरच्या मजल्यावर गेली.

मग टीव्ही काळा झाला. मधोमध एकच ओळ आली: हे खातं आता दुसऱ्या ठिकाणी उघडलं आहे.

आत्याचा हात रिमोटकडे गेला. आईनं तिचं मनगट पकडलं.

"हात लावू नका. तो वाचतोय."

काळ्या काचेत तिघंही अंधूक दिसत होती. आईनं जिभेवर बोटं ओली करून कपाळावरचे केस मागं सारले.

"तुम्ही असे कडेला काय उभे," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "जरा उजेडात या."