साखरची अंघोळ

वारज्याच्या फ्लॅटमध्ये पूर्णिमा साखर नावाच्या आपल्या पांढऱ्या मांजरीला अंघोळ घालत होती. ती पळू नये म्हणून बाथरूमची कडी आतून लावलेली होती. एरवी बोचकारणारी साखर आज टबमध्ये मुकाट बसली होती. पूर्णिमाने तिला नाकापर्यंत शाम्पू चोळला.

बाहेरून तिच्या नवऱ्याने, योगेशने, विचारलं, "अगं, साखरला बाहेरच ठेवलंस? सोफ्यावर लोळतेय बघ." पाठोपाठ साखरचं ओळखीचं म्याँव ऐकू आलं.

पूर्णिमाचे हात फेसातच थांबले. ते झटकन काढून तिने कडी ओढली. कडी हलेना. योगेशला हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

फेसाखालून मात्र तिचाच आवाज आला, "राहू दे रे. तू नीघ, कंपनीची बस चुकेल."

"बरं," म्हणत योगेशने फ्लॅटचं दार ओढून घेतलं.